पुनर्विकासाची नोटीस सगळ्यांना कळेल अशी कशी लिहावी: संक्षेप आणि अवघड शब्द उलगडण्याची रीत

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्याखालची नोटीस वाचायला उभे राहा. दुसऱ्या ओळीपासून अक्षरांची गर्दी सुरू होते: एसजीएम, पीएमसी, डीए, एलओआय, आयओडी, सीसी, ओसी, टीडीआर. नोटीस लिहिणाऱ्या सचिवांना ही अक्षरे पाठ असतात, कारण ते महिनोन्‌महिने वास्तुविशारद, सल्लागार आणि वकील यांच्यासोबत बसलेले असतात. वाचणारे सभासद त्या बैठकांना नसतात. तरीही सही त्यांनाच करायची असते, आणि तीही ज्या घरात आयुष्यभराची कमाई गुंतलेली आहे त्या घराबद्दलची.

हा लेख अशा नोटिसा, पत्रके आणि व्हॉट्सॲप संदेश लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे पुनर्विकासाची, म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरकडून नवी बांधून घेण्याची, घेतली आहेत, कारण मुंबईत सामान्य माणसाला सर्वांत जास्त परिभाषा एकदम झेलावी लागते ती इथेच. रीत मात्र रुग्णालयातल्या माहितीपत्रकाला किंवा बँकेच्या पत्रालाही लागू पडेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. संक्षेपाचे पूर्ण रूप लिहून दिले म्हणजे तो समजावला, असे होत नाही. सभासदाला चार गोष्टी हव्या असतात: हा कागद कोण देतो, तो कधी येतो, आला की माझ्यासाठी काय बदलते, आणि नाही आला तर काय अडते. या चारांची उत्तरे मिळाली तर पूर्ण रूप ठाऊक नसले तरी चालते. ती मिळाली नाहीत, तर पूर्ण रूप म्हणजे वाचायला आणखी चार शब्द.

पहिली पायरी: कोणासाठी लिहितो आहोत ते ठरवा

‘सर्व सभासदांसाठी’ हे उत्तर उपयोगाचे नाही. सोसायटीत निवृत्त बँक अधिकारी असतात, त्यांना करारनाम्याची भाषा जमते. पतीच्या निधनानंतर जागा नावावर झालेल्या काकू असतात, ज्यांनी आजवर सर्वसाधारण सभेत तोंड उघडलेले नसते. परदेशातला मुलगा असतो, जो फक्त मोबाइलवर आलेला फोटो बघतो. मराठी बोलता येते पण वाचताना अडखळतो असा गुजराती किंवा तमिळ शेजारीही असतो. लिहिताना यांतली एकच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवा, आणि ती काकूंसारखी असू द्या. बँक अधिकाऱ्यांना सोप्या नोटिसेचा त्रास होत नाही. काकूंना अवघड नोटिसेचा होतो, आणि त्या तसे कोणाला सांगतही नाहीत. समजले नाही हे चारचौघांत कबूल करायला माणसे लाजतात, म्हणून सभेत प्रश्न आला नाही याचा अर्थ सगळ्यांना कळले असा घेऊ नका.

दुसरी पायरी: मसुद्यावर लाल पेन फिरवा

नोटीस नेहमीसारखी लिहून काढा. मग छापून घ्या आणि प्रत्येक संक्षेप, प्रत्येक कलमाचा आकडा, प्रत्येक तांत्रिक शब्द यांवर लाल गोल करा. पडद्यावर हे नीट होत नाही, डोळा सवयीच्या शब्दांवरून घसरून जातो. गोल करून झाले की तीन गट पाडा.

काही संक्षेप आता शब्दच झाले आहेत. बेस्ट, म्हाडा, पॅन, एनओसी, केईएम. यांची फोड करत बसू नका. ‘म्हाडाची लॉटरी’ म्हटल्यावर मुंबईतल्या कोणालाही ‘महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण’ हे नाव ऐकायची गरज नसते, आणि फोड केली की वाक्य विनाकारण लांबते.

काही शब्द एकदाच येतात. ते सरळ काढून टाका आणि साध्या वाक्यात सांगा. ‘व्हेकेशन नोटीस’ एकदाच येणार असेल, तर ‘घर रिकामे करण्याची लेखी सूचना’ एवढे पुरते. जो शब्द पुन्हा भेटणार नाही तो सभासदाने कशाला शिकायचा?

उरतात ते खरे. करारात, महापालिकेच्या कागदावर, बिल्डरच्या माणसाच्या तोंडी जे शब्द वर्षभर पुन्हा पुन्हा येणार आहेत, ते टाळून चालत नाही. ते शिकवावेच लागतात, कारण उद्या ते कराराच्या चौदाव्या पानावर दिसतील तेव्हा तुम्ही शेजारी नसाल. हे शब्द बहुतेक नोटिसांत दहा-बाराच्या पुढे जात नाहीत. सगळी मेहनत त्यांच्यावर घ्या.

तिसरी पायरी: चार प्रश्न विचारा

पूर्ण रूप कसे दगा देते याचे आयओडीइतके चांगले उदाहरण मुंबईत दुसरे नाही. ही अक्षरे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूवल’ची. शब्दशः अर्थ नामंजुरीची सूचना. सचिवांनी प्रामाणिकपणे हे पूर्ण रूप नोटिसेत लिहिले, तर अर्धी इमारत समजेल की आपले नकाशे फेटाळले गेले. प्रत्यक्षात हा आनंदाचा कागद आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली महापालिका नकाशे तपासते आणि ज्या गोष्टी पुऱ्या केल्याशिवाय मान्यता नाही त्या अटींची यादी देते. अटी पुऱ्या करा आणि पुढे जा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. म्हणून नोटिसेत असे लिहा:

‘आयओडी: आपल्या नव्या इमारतीच्या नकाशांना महापालिकेने दिलेली सशर्त मंजुरी. सोबत अटींची यादी येते, त्या अटी बिल्डरने पुऱ्या करायच्या असतात. केवळ या कागदावर बांधकाम सुरू करता येत नाही, त्यासाठी सीसी लागते.’

बहुतेक प्रश्नांची उत्तरे आली, आणि शेवटच्या वाक्याने पुढच्या शब्दाला बोटही धरून आणले. सीसीचे असे:

‘सीसी: प्रत्यक्ष काम सुरू करण्याची परवानगी. ही महापालिका टप्प्याटप्प्याने देते. पहिली सीसी बहुधा जोत्यापर्यंतची असते, मग पुढच्या मजल्यांची. सीसी आली असे कोणी सांगितले तर कितव्या मजल्यापर्यंतची, हे जरूर विचारा.’

या शेवटच्या वाक्यासाठीच सगळा खटाटोप करायचा. ‘सीसी मिळाली’ हे ऐकून सभासद निर्धास्त होतात, आणि ती फक्त जोत्यापर्यंतची असते. चांगले स्पष्टीकरण माणसाच्या हातात पुढचा प्रश्न देते.

ओसीबद्दल लिहिताना ‘इमारत पूर्ण झाल्याचा दाखला’ एवढ्यावर थांबू नका. बांधकाम संपले आणि तिथे राहायला परवानगी मिळाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, राहायला जाण्याची परवानगी. ते आल्याशिवाय नव्या घरात राहायला जाणे कायद्याला धरून नाही. मुंबईत पार्ट ओसीही मिळते, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरती किंवा काही मजल्यांपुरती. आपला मजला तिच्यात आहे की नाही हे पाहावे, असे नोटिसेतच लिहा.

चौथी पायरी: कोणता शब्द वापरायचा, लोकांचा की कागदावरचा?

मराठीत लिहिणाऱ्यांचा गोंधळ इथे सर्वांत जास्त होतो. इंग्रजी संक्षेप अवघड, म्हणून शासकीय मराठी शब्द घातला की काम झाले, असे वाटते. ‘डीम्ड कन्व्हेयन्स’च्या जागी ‘मानीव अभिहस्तांतरण’ लिहून पाहा आणि काकूंना वाचायला द्या. डीम्ड कन्व्हेयन्स हे निदान त्यांनी लिफ्टमध्ये ऐकलेले असते.

तरीही शासकीय शब्द गाळू नका. उपनिबंधकांच्या कार्यालयातून येणाऱ्या आदेशावर ‘मानीव अभिहस्तांतरण’ असेच छापलेले असेल, आणि तो कागद हातात आल्यावर सभासदाला तो ओळखता आला पाहिजे. म्हणून पहिल्या वेळी तिन्ही द्या: आधी अर्थ, मग लोकांचा शब्द, मग कागदावरचा. असे:

‘आपली इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती अजून जुन्या बिल्डरच्या नावावर आहे. ती सोसायटीच्या नावावर करून देणे बिल्डरचे काम होते. तो करून देत नसेल तर फ्लॅटच्या मालकीबाबतच्या १९६३ च्या मोफा कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन नावावर करून घेता येते. यालाच आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो. सरकारी कागदांवर ‘मानीव अभिहस्तांतरण’ असे लिहिलेले दिसेल.’

त्यानंतर संपूर्ण नोटिसेत एकच शब्द चालवा, बोलण्यातला. एका परिच्छेदात विकासक, दुसऱ्यात डेव्हलपर, तिसऱ्यात बिल्डर असे करू नका. शाळेत निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवले होते, ते इथे विसरायचे. नोटिसेत शब्द बदलला की वाचणाऱ्याला माणूसच बदलला असे वाटते.

मराठी शब्दही परिभाषा असू शकतो, याकडे फार दुर्लक्ष होते. सहकारी संस्थांच्या कागदपत्रांत ‘गाळा’ म्हणजे फ्लॅटसुद्धा. रस्त्यावरच्या माणसाला गाळा म्हणजे दुकान. ‘गाळेधारकांनी उपस्थित राहावे’ असे लिहिले, तर वरच्या मजल्यावरच्या आजोबांना ही नोटीस खालच्या दुकानदारांसाठी आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ‘उपविधी’, ‘गणपूर्ती’, ‘प्रवर्तक’, ‘संक्रमण शिबिर’ यांचेही तेच. बायलॉज, कोरम, बिल्डर, ट्रान्झिट कॅम्प हे शब्द मुंबईत जास्त लोकांना कळतात. ते वापरायला अजिबात संकोच करू नका. अचूक शासकीय प्रतिशब्द हवा असेल तेव्हा भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत, पण ते शब्द ओळखण्यासाठी. नोटीस त्या शब्दांत लिहायची नसते.

पाचवी पायरी: एकाच अक्षरांचे दोन अर्थ शोधा

डीए म्हणजे काय, हे निवृत्त शिक्षिकेला विचारा. महागाई भत्ता, असे उत्तर येईल. नोटिसेतला डीए म्हणजे डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट, सोसायटी आणि बिल्डर यांच्यातला विकास करार. ‘डीए वाढवून घेण्याबाबत चर्चा’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते. पीएमसी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला पुणे महानगरपालिका. डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा, तरुणांना व्हॉट्सॲपवरचा फोटो, शेअर बाजारवाल्यांना डिमॅट खाते सांभाळणारी संस्था. सीसी कोणाला ईमेलची प्रत वाटते, कोणाला कम्प्लीशन सर्टिफिकेट. एसटी बसही असते आणि अनुसूचित जमातही.

अवघड प्रसंग येतो तो एकाच क्षेत्रातल्या दोन अर्थांचा. सोसायटीच्या पुनर्विकासात एलओआय म्हणजे सोसायटीने निवडलेल्या बिल्डरला दिलेले इरादापत्र. झोपडपट्टी पुनर्वसनात, म्हणजे झोपु योजनेत, एलओआय खुद्द झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण देते, आणि तिथे तो मंजुरीचा मोठा टप्पा असतो. ज्यांचे नातेवाईक झोपु योजनेत आहेत असे सभासद ‘एलओआय दिला’ हे वाचून सरकारी मंजुरी मिळाली असे समजू शकतात. अशा ठिकाणी संक्षेपाआधी कर्ता लिहा: ‘आपण बिल्डरला दिलेला एलओआय’. दोन शब्द जास्त लागतात, गैरसमज टळतो.

सहावी पायरी: आकडे त्यांच्या घरापर्यंत आणा

कलमांचे आकडे हीसुद्धा परिभाषाच. ‘७९अ’, ‘३३(७)(ब)’, ‘३३(१०)’, ‘परिशिष्ट दोन’. जाणकार हे आकडे नावासारखे उच्चारतात. झोपु योजनेत ‘परिशिष्ट दोन’ म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी. एका कुटुंबाला घर मिळणार की नाही हे त्या यादीवर ठरते, आणि नाव मात्र नुसता क्रमांक. आकडा लिहिलात तर तो काय करतो ते त्याच वाक्यात लिहा.

७९अ चे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे हे कलम, आणि त्याखाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेला शासन निर्णय. त्यात बिल्डर निवडण्याच्या सभेला दोनतृतीयांश कोरम आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती सांगितली आहे. हे असेच्या असे लिहू नका. तुमच्या सोसायटीत ४८ सभासद असतील तर लिहा: ‘सभेला किमान ३२ जण हजर लागतात आणि किमान २५ जणांची संमती लागते.’ आता प्रत्येकाला आपल्या हजेरीची किंमत दिसते. लिहिण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम वकिलांकडून तपासून घ्या.

एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला आणि सर्वांत कमी समजलेला शब्द. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, तो आकडा. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शहर विभागासाठी मूळ एफएसआय १.३३ आहे आणि उपनगरांसाठी १. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकी पुढची मर्यादा वर जाते. ती वाढ मिळवण्यासाठी सरकार आणि महापालिकेला अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरावे लागते किंवा टीडीआर विकत घ्यावा लागतो. नोटिसेत हे आपल्या प्लॉटवर मांडा: ‘आपला प्लॉट १,००० चौरस मीटरचा आहे. मूळ एफएसआय १, म्हणून १,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०,७६४ चौरस फूट बांधकामाचा हक्क आपोआप मिळतो. त्यावरचे बांधकाम हवे असेल तर त्याला पैसे पडतात.’ मीटर आणि फूट दोन्ही द्या. कागद मीटरमध्ये असतात आणि मुंबईची माणसे घर फुटांत मोजतात.

टीडीआरबद्दल ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ एवढेच लिहिले तर काहीच सांगितले नाही. कोणाची तरी जमीन रस्त्यासाठी किंवा मैदानासाठी आरक्षित असते. ती त्याने महापालिकेला दिली की मोबदला म्हणून त्याला बांधकामाचा हक्क मिळतो. तो हक्क तो विकू शकतो, आणि आपला बिल्डर तो विकत घेऊन आपल्या प्लॉटवर वापरतो. अशी हकिकत सांगितली की माणसे विसरत नाहीत.

फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारे जादा बांधकाम क्षेत्र, हा शब्द जपून हाताळा. नियमावलीत निवासी इमारतींसाठी ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल क्षेत्र आहे, आणि जुन्या सभासदांच्या वाट्याच्या क्षेत्रावर त्यासाठी अधिमूल्य लागत नाही. हे वाचून ६०० चौरस फुटांच्या घरातला सभासद लगेच ८१० चा हिशेब करतो. पण नियम बांधकामाची मर्यादा सांगतो. हातात किती चटई क्षेत्र येणार हे प्लॉट, रस्ता आणि बिल्डरशी झालेला करार यांवर ठरते. हे वाक्य स्पष्टीकरणातच हवे. मागाहून सभेत सांगितले तर शब्द फिरवला असे वाटते, आणि समितीवरचा विश्वास जातो.

कार्पेटचेही, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या चटई क्षेत्राचेही, तसेच. बिल्डरांच्या प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते, आणि बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळली जाते. तुमच्या जुन्या घराची मोजणी आतल्या भिंती सोडून झाली असेल, तर जुने ६०० आणि नवे ६०० सारखे नव्हेत. म्हणून ‘कार्पेट’ हा शब्द कधीच एकटा सोडू नका. ‘रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट’ असे लिहा, आणि जुनी घरेही त्याच पद्धतीने मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.

आता एक नोटीस पूर्ण लिहून पाहू

नेहमीची नोटीस अशी असते:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, एसजीएममध्ये पीएमसीने सादर केलेला फिजिबिलिटी रिपोर्ट स्वीकृत करण्यात आला असून ७९अ अन्वये विकासक नियुक्तीची प्रक्रिया सुरू करण्यात येत आहे. एलओआयपश्चात डीए व पीएएएचे मसुदे प्रसृत करण्यात येतील. आयओडी प्राप्त होताच व्हेकेशन नोटीस देण्यात येईल. सभासदांनी सहकार्य करावे.’

यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण वाचून झाल्यावर माणसाला दोनच गोष्टी उरतात: घर रिकामे करण्याबद्दल काहीतरी आहे, आणि सहकार्य करायचे आहे. भीती आणि आज्ञा. तीच माहिती अशी देता येते:

‘रविवारच्या विशेष सभेत आपण सल्लागारांचा अहवाल स्वीकारला. या सल्लागारांचा उल्लेख कागदांवर पीएमसी असा येतो. आपल्या प्लॉटवर किती बांधकाम होऊ शकते आणि त्यातून प्रत्येकाला किती जागा देणे शक्य आहे, याचा हिशेब अहवालात आहे. तो सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत पाहता येईल.

घर आत्ता रिकामे करायचे नाही.

यापुढचे काम बिल्डर निवडण्याचे. ते शासनाच्या ७९अ च्या नियमांप्रमाणे होईल: निविदा मागवायच्या, आणि निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विशेष सभेत बिल्डर ठरवायचा. या सभेला आपल्यापैकी किमान ३२ जण हजर लागतात आणि किमान २५ जणांची संमती लागते. सभेची सूचना १४ दिवस आधी मिळेल.

बिल्डर ठरल्यावर आपण त्याला इरादापत्र, म्हणजे एलओआय, देऊ. मग दोन करार होतील. पहिला सोसायटी आणि बिल्डर यांच्यात. त्याला विकास करार किंवा डीए म्हणतात. दुसरा बिल्डरचा प्रत्येक सभासदाशी स्वतंत्र करार, त्याला पीएएए म्हणतात. तुमचे नवे घर कोणत्या मजल्यावर, किती क्षेत्रफळाचे, हे या दुसऱ्या करारात असेल. दोन्हींचे मसुदे सहीच्या आधी घरी वाचायला मिळतील.

महापालिकेची सशर्त मंजुरी, म्हणजे आयओडी, आल्यावर घर सोडण्याची तारीख लेखी कळवू.

आत्ता तुम्ही एकच करायचे आहे. शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स पुढच्या शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावी.’

लांबी तिपटीहून जास्त झाली, हे खरे. मला ती योग्य वाटते. आधीची नोटीस छोटी होती कारण तिने काम वाचणाऱ्यावर टाकले होते. ‘घर आत्ता रिकामे करायचे नाही’ हे वाक्य वर एकटे आहे, कारण प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. त्याचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे काही डोक्यात शिरत नाही.

सातवी पायरी: स्पष्टीकरण कुठे ठेवायचे

शब्द पहिल्यांदा येतो तिथेच. शेवटी दिलेली शब्दांची यादी उपयोगी असते, पण अडलेला माणूस पान उलटून मागे जातोच असे नाही. यादी दिलीत तर वर्णानुक्रमे लावू नका. कागद ज्या क्रमाने हातात येणार त्या क्रमाने लावा: सल्लागार, अहवाल, निविदा, एलओआय, डीए, पीएएए, आयओडी, सीसी, ओसी. म्हणजे यादी वाचली तरी पुढची वाटचाल कळते.

व्हॉट्सॲपवर वेगळा नियम. तिथला संदेश एकटाच पुढे जातो, मागचा संदेश बरोबर येत नाही. म्हणून प्रत्येक संदेशात वापरलेला शब्द त्याच संदेशात निम्म्या ओळीत का होईना सांगा: ‘आज सीसी आली, म्हणजे जोत्यापर्यंत काम सुरू करायची परवानगी मिळाली.’

लिहिण्याच्या काही बारीक गोष्टी. आद्याक्षरांमध्ये टिंबे नकोत. बीएमसी, एफएसआय असे सलग लिहा. विभक्तीचे प्रत्यय जोडून: ओसीसाठी, म्हाडाने, टीडीआरचा. अनेकवचनाला इंग्रजी शेपूट लावू नका, ‘तीन एनओसी’ पुरे. लिंग एकदा ठरवा आणि पाळा. ओसी मिळाली, टीडीआर घेतला. रोमन अक्षरे कागदावर दिसणार असतील तर त्या कागदाची झेरॉक्स शेजारी लावून शब्दावर खूण करा, ओळख पटकन होते.

आठवी पायरी: आधी जाणकाराकडून, मग अजाणाकडून तपासा

क्रम महत्त्वाचा आहे. सोपे करताना अर्थ सरकतो, म्हणून प्रथम वकील किंवा सल्लागारांना दाखवा. त्यांना भाषा सुधारायला सांगू नका, कारण ते पुन्हा ‘प्रसृत’ आणि ‘अन्वये’ घालतील. एकच विचारा: यात काही चूक आहे का? ‘सशर्त’, ‘अंदाजे’, ‘मसुदा’ असे शब्द त्यांनी घालायला सांगितले तर ते मुकाट्याने घाला. त्या शब्दांवर पैसे आणि हक्क अवलंबून असतात. कॉर्पस आणि भाडे यांची गल्लत झाली असेल, तर तीही इथेच सापडेल: भाडे दुसरीकडे राहण्याच्या काळापुरते असते, कॉर्पस ही बिल्डरने करारात कबूल केलेली वेगळी रक्कम असते.

मग नोटीस समितीबाहेरच्या दोघातिघांना द्या. ‘कळले का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. असे विचारा: ‘घर कधी सोडायचे आहे?’ ‘काकू, तुम्ही आता काय काय करायचे?’ ‘सीसी आली असे कोणी सांगितले तर तुम्ही काय विचाराल?’ उत्तर देताना त्या जिथे थांबतात, ते वाक्य पुन्हा लिहा. मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. जीभ अडखळते तिथे बहुधा समजूतही अडखळलेली असते. सभेतही हीच रीत ठेवा. एका सभासदाला फळ्याजवळ बसवा. कोणीही, अगदी वास्तुविशारदांनीही, न उलगडलेला संक्षेप वापरला की तो फळ्यावर लिहायचा आणि त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा घ्यायचा नाही. पहिल्या सभेला वेळ जास्त जातो. पुढच्या सभांना सभासद स्वतःच विचारू लागतात.

शब्दांची यादी सचिवांच्या खासगी मोबाइलमध्ये ठेवू नका. ती सोसायटीच्या दप्तरात ठेवा, वर तारीख घाला, आणि नियम बदलला, नवा कागद आला की तारीख बदलून नवी प्रत जिन्याखाली लावा. जुनी प्रत फाडून टाकू नका, दप्तरातच राहू द्या. पुनर्विकास वर्षानुवर्षे चालतो, मध्ये समितीची निवडणूक होते, सचिव बदलतात. आधीच्या समितीने कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला होता, हे नव्या समितीला आणि सभासदांना त्या प्रतींवरून पाहता येते.